दुष्काळी जिल्ह्यातली होडी आणि भरीव रिवेट

बीड म्हटले की टँकर, चारा छावण्या आणि दसरा उलटताच ऊसतोडीला निघणारे तांडे आठवतात. होडी कुणाला आठवत नाही. नकाशा मात्र वेगळे सांगतो. जिल्ह्याची उत्तरेकडची हद्द गोदावरीनेच आखली आहे. मधून सिंदफणा वाहते आणि तिच्यावर १९८७ साली पुरे झालेले माजलगावचे धरण आहे, जायकवाडीच्या दुसऱ्या टप्प्यातले. दक्षिणेला मांजरा. ही मांजरा २०१६ च्या उन्हाळ्यात इतकी आटली की लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, आणि २०२१ च्या सप्टेंबरात तिच्यावरच्या धनेगावच्या धरणाचे दरवाजे उघडावे लागून काठची शेते पाण्याखाली गेली. २०२५ च्या सप्टेंबरात तर गोदावरी, सिंदफणा आणि मांजरा तिन्ही एकदम उठल्या. हे आजचेच आहे असेही नाही. १० ऑगस्ट १७६३ ला गेवराईजवळच्या राक्षसभुवनला माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेला गाठले, तेव्हा निजाम स्वतः पलीकडे उतरून गेला होता आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या सैन्यासह अलीकडेच अडकला होता. त्या लढाईचा निम्मा निकाल पुराच्या गोदावरीने आधीच लावून ठेवला होता.

म्हणजे बीडला होडी लागते, पण क्वचित लागते. आणि लागते तेव्हा त्याच घटकेला लागते. पुण्याजवळच्या सुदुंबऱ्याहून राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल निघाले किंवा धुळ्याहून राज्याचे पथक निघाले, तरी ते पोहोचेपर्यंतचे तास गावातल्या किंवा तहसीलच्या होडीवरच काढायचे असतात. या लेखाचा विषय त्या होडीच्या पोटातला एक बारीक तुकडा आहे: ॲल्युमिनियमचा भरीव रिवेट. तो सैल झाला तर काय करावे, कशाने बदलावा, कोणी बदलावा, आणि पॉप रिवेट, आर्गन वेल्डिंग किंवा एम-सील या सोप्या वाटांचे काय, हे सगळे एकदा एकत्र पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी होड्यांविषयी थोडे. जलाशयांवर मासेमारी करणाऱ्यांकडे थर्मोकोलचे तराफे आणि लोखंडी पत्र्याच्या होड्या असतात. मदतकार्यात दिसतात त्या बहुधा रबरी फुगवायच्या, नाहीतर फायबरच्या. रबर उन्हाने आणि गोदामातल्या उंदरांनी खराब होते. फायबर आपटले की तडकते आणि त्याची दुरुस्ती राळ, कापड आणि कोरडी हवा मागते. लोखंड टिकाऊ खरे, पण चार माणसांना उचलवत नाही. ॲल्युमिनियमची घनता २.७, लोखंडाची ७.८ च्या वर. तेवढ्याच जाडीची होडी जवळजवळ एक तृतीयांश वजनात होते, ती पिकअपमध्ये टाकता येते, आणि दहा वर्षे उन्हात पडली तरी कुजत नाही. कमी वापर, लांबची वाहतूक आणि हेळसांड या तीन गोष्टी गृहीत धरल्या तर या जिल्ह्याला हाच धातू सोयीचा आहे, असे माझे मत आहे. त्याची दुखरी जागा एकच, ती म्हणजे जोड.

पातळ पत्र्याचे जोड रिवेटने करण्याची रीत होड्यांकडे विमानांकडून आली. अमेरिकेतली ग्रमन कंपनी दुसऱ्या महायुद्धात नौदलासाठी लढाऊ विमाने बांधत होती. तिचे एक अधिकारी विल्यम हॉफमन १९४४ मध्ये ॲडिराँडॅकच्या डोंगरात नौकाविहाराला गेले. दोन तळ्यांमधल्या वाटेवर जड लाकडी नाव खांद्यावरून वाहता वाहता त्यांना वाटले, आपल्या कारखान्यात विमानाचा पत्रा आहे, त्याचीच नाव का करू नये? युद्ध संपता संपता ग्रमनच्या ॲल्युमिनियमच्या नावा बाजारात आल्या. दोन अर्धे पत्रे ताणून घडवायचे आणि मधल्या कण्यावर रिवेटच्या ओळीने जोडायचे, अशी त्यांची बांधणी होती. त्यातल्या कित्येक आजही पाण्यात आहेत. पुढे जाड पत्र्याच्या मोठ्या होड्यांसाठी वेल्डिंग आले, पण दीड-दोन मिलिमीटर पत्र्याच्या हलक्या होड्यांत रिवेट टिकून राहिला. कारण साधे आहे. एवढा पातळ पत्रा वेल्डिंगच्या उष्णतेने वाकतो आणि जोडाच्या बाजूला मऊ पडतो. रिवेटला उष्णता लागतच नाही.

रिवेट सैल होतो तो बहुधा पाण्यामुळे नव्हे, हादऱ्यांमुळे. सपाट तळाच्या होडीत प्रत्येक लाटेला पत्रा किंचित आत-बाहेर होतो, मागच्या फळीवरचे इंजिन सारखे थरथरते आणि होडी दगडावर ओढली की कण्याच्या रिवेटांची डोकी घासतात. पण माझ्या मते आपल्याकडच्या होडीला सगळ्यात मोठा मार बसतो तो रस्त्यावर. गेवराईहून पात्रुडपर्यंत ती ट्रॉलीत आपटत जाते, खाली नीट आधार नसतो, आणि पाण्यात पडण्याआधीच पाच-पन्नास रिवेट हललेले असतात. उरलेला काळ ती कुठल्यातरी आवारात उघडी पडते. तळाशी पावसाचे पाणी, पालापाचोळा, वर कोणीतरी टाकलेले गंजके नट-बोल्ट. ओल्या घाणीखाली ॲल्युमिनियमला खड्डे पडतात, आणि त्यात लोखंड किंवा तांबे टेकले असेल तर धातू आणखी वेगाने खाल्ला जातो.

गळती शोधायची रीत उलटी आहे. होडी पाण्यात टाकायची नाही. होडीत पाणी टाकायचे. ती कमरेएवढ्या उंचीवर, तळाला तीन-चार ठिकाणी फळ्यांचा रुंद आधार देऊन ठेवायची, आतून कोरडी पुसायची आणि बोटभर नव्हे, चांगले आठ सेंटिमीटर पाणी भरायचे. साडेतीन मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद होडीत एवढे पाणी म्हणजे साडेतीनशे किलो वजन, म्हणून आधार हवा आणि त्याहून जास्त भरायचा मोह नको. मग खाली वाकून खडूने खुणा करायच्या. ठिबकणारा रिवेट, नुसता ओलसर रिवेट आणि जोडाच्या कडेने पाझरणारे पाणी यांना वेगवेगळ्या खुणा हव्यात, कारण तिन्हींचा इलाज वेगळा आहे. ओलसर रिवेट बऱ्याचदा नुसता पुन्हा घट्ट करता येतो: बाहेरून डोक्याला डॉली, म्हणजे टेकू देणारा जड लोखंडी ठोकळा, लावायची, आतून शेपटावर, म्हणजे ठोकलेल्या टोकावर, दोन-तीन नेमके घाव घालायचे. भोक लांबट झाले असेल तर हे काम टिकत नाही. तो रिवेट काढावाच लागतो.

आता मुख्य वाद. कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात पॉप रिवेटचे डबे आणि ती ओढायची गन मिळते. एका माणसाला, एका बाजूने, मिनिटात काम होते. मग भरीव रिवेटचा आटापिटा कशाला? पॉप रिवेटची कल्पनाच मुळी जिथे मागे हात पोहोचत नाही अशा जागांसाठी निघाली. त्याचे शरीर पोकळ असते. आतली तार ओढली की मागचे टोक फुगते आणि तार तुटून तिचा तुकडा आत राहतो. पाणी त्या तुकड्याच्या बाजूने सरळ आत येते. तार पोलादी असेल तर ती गंजते, सुटते, आणि मग होडीच्या तळाला एक नेटके गोल भोक उरते. शिवाय पोकळ रिवेट भोक पूर्ण भरत नाही. भरीव रिवेट ठोकला की आधी त्याची कांडी जाड होऊन भोकाच्या भिंतींना घट्ट बसते आणि मग डोके तयार होते. पाणी अडवण्याचे निम्मे काम ही कांडीच करते. डोके कितीही सुरेख दिसले तरी कांडी फुगली नसेल तर तो रिवेट आज ना उद्या हलणार.

तोंड बंद असलेले, ॲल्युमिनियमच्याच तारेचे पॉप रिवेटही मिळतात. फेसाने भरलेल्या बाकाखाली किंवा दुहेरी तळात, जिथे आतून हात जातच नाही, तिथे ते लावून काम चालते, आणि तेवढ्यापुरती त्यांना माझी हरकत नाही. पण ‘एक गळत होता, पॉप मारून टाकला’ असे करत गेलेल्या होडीत तीन वर्षांनी ओळीच्या ओळी पॉपच्या दिसतात, आणि त्या ओळीतला शेवटचा भरीव रिवेट बिचारा सगळा ताण एकटा घेत असतो.

मापांचे नियम कारागिरांच्या तोंडी बसलेले आणि विमानाच्या पुस्तकांत छापलेले, दोन्हीकडे जवळपास सारखेच आहेत. रिवेटची जाडी सर्वांत जाड पत्र्याच्या साधारण तिप्पट. दोन १.६ मिलिमीटरचे पत्रे जोडायचे तर ४.८ मिलिमीटरचा, म्हणजे तीन-सोळांश इंची रिवेट. बाहेर उरणारे शेपूट जाडीच्या दीडपट हवे, म्हणून लांबी दोन्ही पत्र्यांचे ३.२ अधिक ७.२, सुमारे साडेदहा मिलिमीटर. ठोकून तयार होणारे डोके ७.२ मिलिमीटर रुंद आणि २.४ उंच यावे. यापेक्षा चपटे झाले तर जास्त ठोकले, उंच राहिले तर कमी. पत्र्याच्या कडेपासून भोकाचा मध्य किमान दुप्पट जाडीवर, म्हणजे एक सेंटिमीटर आत. नाहीतर कड फाटते. दोन रिवेटांतले अंतर किमान तिप्पट, एरवी चौपट. आणि भोक? रिवेटपेक्षा जेमतेम केसभर मोठे, ४.९ मिलिमीटरच्या आसपास. पाचचे ड्रिल हाताशी आहे म्हणून तेच मारले की भोक ढिले होते, कांडीला फुगून भरायला फार जागा उरते आणि ती वाकडी बसते. बहुतेक फसलेल्या रिवेटांचे मूळ हातोडीत नसते, या चुकीच्या ड्रिलमध्ये असते.

धातूचा प्रश्न मापाहून नाजूक आहे. होडीचा पत्रा बहुधा मॅग्नेशियम मिसळलेल्या, पाण्यात टिकणाऱ्या मिश्रधातूचा असतो. ५०५२ हा त्यातला नेहमीचा. त्याला जोडीदार म्हणून ५०५६ चा रिवेट योग्य. विमानात सर्रास वापरला जाणारा २११७ चा रिवेट मजबूत असला तरी त्यात तांबे असते, आणि तांबे असलेले ॲल्युमिनियम पाण्यात लवकर खंगते. ओळखायला डोक्यावरची खूण पाहायची: ५०५६ वर उठावदार फुली, २११७ वर मधोमध बारीक खळगा. बीडच्या भांडीबाजारात ॲल्युमिनियमच्या कढयांचे कान बसवायला भरीव रिवेट मिळतात, पण ते बहुधा शुद्ध, मऊ ॲल्युमिनियमचे. कढईला ते शंभर टक्के योग्य आहेत. होडीच्या तळाला नाहीत. लोणी लावल्यासारखे ते सहज ठोकले जातात म्हणून नवखा कारागीर त्यांच्यावरच खूश असतो.

जुना रिवेट काढणे हे नवा बसवण्याहून अवघड काम आहे, असे जाणते सांगतात आणि ते खरे आहे. बाहेरच्या तयार डोक्याच्या बरोबर मध्यावर सेंटर पंच, मग रिवेटच्याच मापाचे किंवा थोडे बारीक ड्रिल, आणि ते फक्त डोक्याच्या जाडीइतके खोल. डोके पंचाने तिरके मारून उडवायचे, आतून पत्र्याला लाकडाचा आधार द्यायचा आणि कांडी सरळ ठोसून बाहेर काढायची. घाईत ड्रिल आरपार नेले की भोक तिरके आणि मोठे होते. मग एक माप वरचा रिवेट लावण्यावाचून गत्यंतर नसते, आणि असे दोनदा झाले की कडेचे अंतर संपते. भोकाभोवतीची कुसं हाताने फिरवलेल्या मोठ्या ड्रिलने दोन्ही बाजूंनी काढायची. दोन पत्र्यांच्या मध्ये अडकलेला कचरा तर काढावाच लागतो. तो राहिला तर पत्रे एकमेकांना टेकत नाहीत, आणि ठोकताना रिवेटची कांडी नेमकी त्या फटीत पसरते.

बसवायला दोन माणसे हवीत. तयार डोके बाहेर, पाण्याच्या बाजूला, शेपूट आत. हाताने करायचे तर एकजण बाहेरून वाटीचा खळगा असलेली डॉली डोक्यावर घट्ट धरतो आणि दुसरा आतून हातोडीने शेपूट बसवतो, शेवटी स्नॅपने, म्हणजे टोकाला खळगा असलेल्या पंचाने, गोल करतो. हवेची गन असेल तर उलटे: गन बाहेरून डोक्यावर चालते आणि आत धरलेली सपाट, गुळगुळीत डॉली शेपूट चेपते. डॉली दीड-दोन किलोची हवी. हलकी असली तर तीच उसळते आणि पत्र्याला पोचा पडतो. घाव थोडे आणि भरीव हवेत. ॲल्युमिनियम ठोकता ठोकता कडक होते, म्हणून वीस-पंचवीस हलक्या टपल्यांनी डोक्याला चिरा पडतात. या कामात शब्दांना वेळ नसतो. डॉलीवाल्याने एक टकटक केली की ‘पुन्हा मार’, दोन केल्या की ‘झाले’, अशा खुणा जुन्या जोड्या ठरवून ठेवतात.

पाणी शेवटी कोण अडवते, रिवेट की मसाला? दोघे मिळून. मसाला म्हणजे पॉलियुरेथेनचा सीलंट. तो जोडात आणि रिवेटच्या कांडीला लावून ओला असतानाच ठोकायचे. व्हिनेगरसारखा वास येणारा बाथरूमचा सिलिकॉन मात्र वापरायचा नाही. तो सुकताना आम्ल सोडतो, आणि एकदा लागला की त्या जागेवर पुढे दुसरे काही चिकटत नाही. एम-सीलसारखी कडक लांबी पुराच्या दिवशी तात्पुरती चालेल, पण पत्रा हलतो आणि ती हलत नाही, म्हणून ती सुटतेच. रंगाचेही असेच आहे. आपल्याकडे कुठल्याही धातूवर आधी रेड ऑक्साइड मारायची सवय आहे. ॲल्युमिनियमवर तो धरत नाही. शेंदराचा, म्हणजे शिशाचा जुना लाल प्रायमर तर ॲल्युमिनियमला खातो. त्यासाठी खास एचिंग प्रायमर मिळतो, तोच घ्यावा.

तडा गेला असेल किंवा पत्रा फाटला असेल तर ठिगळ. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक मारले की तडा पुढे सरकत नाही. ठिगळ त्याच मिश्रधातूचे, त्याच जाडीचे, कोपरे गोल केलेले, आणि भोवती रिवेटच्या दोन ओळी, एकमेकींच्या मध्ये येतील अशा. इथे लोक वेल्डिंगकडे वळतात. बीड हा ट्रॅक्टर ट्रॉल्यांचा आणि ऊसगाड्यांचा जिल्हा. लोखंडाचा वेल्डर गल्लोगल्ली सापडेल. पण ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर दोन हजारांच्या वर, म्हणून आर्गन वायू, योग्य मशीन आणि सराव असलेला हात लागतो. तो असला तरी जुन्या रिवेटच्या जोडाजवळ वेल्डिंग करू नये. आतला सीलंट जळतो, घाण वितळलेल्या धातूत शिरते, आणि उष्णतेने ताणलेला पत्रा शेजारचे चार चांगले रिवेट सैल करतो. एक भोक बुजवून चार उघडणे, एवढाच त्याचा हिशेब.

मग हे काम इथे कोणाला येते? मला वाटते, उत्तर एसटीत आहे. महामंडळाच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळा: दापोडी, हिंगणा आणि मराठवाड्यासाठी चिकलठाणा. तिथे वर्षानुवर्षे चासीवर ॲल्युमिनियमच्या बॉड्या बांधल्या गेल्या. लाल डब्याच्या अंगावरच्या रिवेटच्या सरळ ओळी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. बीड, माजलगाव, गेवराई, परळी, अंबाजोगाई, पाटोदा या आगारांतल्या लोकांनी त्याच बॉड्या दुरुस्त केल्या. बसला पाणी अडवायचे नसते, त्यामुळे तिथे पॉपही चालतो. पण पत्रा ओळखणे, भोकांची ओळ आखणे आणि जोडीने रिवेट मारणे हे हाताचे काम तेच आहे. तेही बदलते आहे. २०१८ च्या सुमारास महामंडळ अपघातात अधिक टिकणाऱ्या पोलादी बॉड्यांकडे वळले. प्रवाशाच्या दृष्टीने निर्णय योग्यच, पण ॲल्युमिनियमच्या रिवेटचे काम त्याबरोबर कमी होत जाणार. नाशिकजवळच्या ओझरला, जिथे १९६० च्या दशकापासून मिग आणि पुढे सुखोई विमाने बांधली गेली, तिथे हे कौशल्य अत्यंत उंचीवर आहे; पण तहसीलची होडी ओझरला कोण नेणार? आयटीआयच्या शीट मेटल वर्करच्या अभ्यासक्रमात रिवेटचे जोड शिकवले जातात. तिथल्या मुलांकडून दरवर्षी जिल्ह्यातल्या होड्यांचे काम करून घेतले तर मुलांना खरा जोड मिळेल आणि होड्यांना माणसे.

साहित्य काही फार लागत नाही. ५०५६ चे दोन मापांचे रिवेट, मापाची ड्रिले, दोन डॉल्या, एक स्नॅप, सीलंटच्या नळ्या आणि ५०५२ पत्र्याचा एक तुकडा, एवढे एका लोखंडी पेटीत मावते. सीलंटच्या नळ्यांवरची तारीख मात्र पाहावी. उघडली नसली तरी नळी गोदामात दगड होते. काम पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये व्हायला हवे, कारण सीलंटला सुकायला आठवडा द्यावा लागतो आणि त्यानंतर पाणी भरून पुन्हा तपासावे लागते. त्या दिवसांत होडीत साडेतीनशे लिटर पाणी ओतायचे म्हटले की कार्यालयातला कोणीतरी नक्की विचारणार, टँकर आपल्याला पुरत नाही आणि तुम्ही होडीला पाजता? तर ते पाणी बादल्यांनी काढून आवारातल्या झाडांना घालता येते. होडी स्वच्छ धुतलेली असेल तर जनावरांनाही चालते.